तुटपुंज्या पेन्शनवर जगताना कोणती सरकारी मदत मिळू शकते? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखाना, सूतगिरणी, एमआयडीसीतली कंपनी, सहकारी संस्था अशा ठिकाणी आयुष्य काढून रिटायर झालेले आणि आता महिन्याला हजार, बाराशे, फार तर दोन-अडीच हजार पेन्शन घेणारे लोक महाराष्ट्रात घरोघरी आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला पेन्शन येते म्हणजे सरकारी योजना आपल्यासाठी नाहीत, त्या निराधारांसाठी. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी हक्काचे पैसे सुटतात. ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म भरून देताना जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत.

मला ईपीएस-९५ ची (पीएफ ऑफिसकडून मिळणारी, कर्मचारी पेन्शन योजना १९९५ ची) पेन्शन येते. मग मला दुसरी कुठलीच सरकारी मदत मिळणार नाही ना?

मिळू शकते. पेन्शन येते की नाही एवढ्यावर सगळं ठरत नाही, वर्षाचं एकूण उत्पन्न किती आणि कोणत्या योजनेची मर्यादा किती यावर ठरतं, आणि प्रत्येक योजनेची मर्यादा वेगळी आहे. एका योजनेत तुम्ही श्रीमंत ठरता आणि दुसरीत गरीब, असं सर्रास होतं. काही योजनांना तर उत्पन्नाची अटच नाही, फक्त वय बघतात. त्यामुळे एका ठिकाणी नाही म्हणाले म्हणून बाकीच्या ठिकाणी विचारायचंच नाही असं करू नका.

ईपीएसची पेन्शन इतकी कमी का असते हो? ३० वर्षं नोकरी केली.

हिशेबच तसा आहे. पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, असं ते सूत्र. त्यात पगार म्हणजे तुमचा खरा पगार नाही, मर्यादेतला पगार, आणि ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० धरली जाते, त्याआधी ६,५०० होती. शिवाय योजना सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ ला, त्याआधीच्या नोकरीचा लाभ वेगळ्या आणि फार छोट्या आकड्यात मिळतो. ५८ च्या आधी पेन्शन सुरू केली असेल तर दर वर्षामागे ४ टक्के कपात, ती कायमची. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की याला महागाई भत्ता नाही, म्हणजे जो आकडा पहिल्या महिन्यात आला तोच दहा वर्षांनी येणार. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. ती ७,५०० करा आणि महागाई भत्ता द्या म्हणून पेन्शनर लोक वर्षानुवर्षं आंदोलन करतायत, बुलढाण्यात तर साखळी उपोषण किती काळ चाललं. मला ती मागणी अगदी रास्त वाटते. पण ते होईल तेव्हा होईल, तोपर्यंत जे आहे त्यातून काय मिळतं ते बघू.

श्रावणबाळ योजनेत बसतो का ते कसं बघायचं?

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना ही ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे आणि त्यात महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्यातला काही भाग केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून येतो, २०० रुपये, आणि वय ८० च्या पुढे असेल तर ५००, बाकी राज्य घालतं. यादीत नाव नसलं तरी चालतं, पण मग कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिल्याचा पुरावाही लागतो.

आता हिशेब करा. २१,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला १,७५०. तुमची पेन्शन १,००० असेल तर वर्षाचे झाले १२,०००, बाकी काहीच उत्पन्न नसेल तर तुम्ही मर्यादेच्या आत आहात, अर्ज करायलाच हवा. पेन्शन १,८०० असेल तर २१,६०० झाले, म्हणजे ६०० रुपयांसाठी बाहेर. हो, वर्षाच्या ६०० साठी. मला या आकड्याचा मनापासून राग येतो कारण महिना १,७५० रुपयांत औषधंसुद्धा येत नाहीत, आणि रक्कम वाढवत १,५०० पर्यंत नेली तरी मर्यादा जिथल्या तिथेच राहिली. पण आज नियम तोच आहे, म्हणून आधी कागदावर हिशेब मांडा आणि मगच तहसीलला जा.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत ठेवलेत. ते उत्पन्नात धरतात का?

मुद्दल हे उत्पन्न नाही, त्यावर येणारं व्याज हे उत्पन्न. इथेच बरेच लोक अडकतात. समजा २ लाखांची एफडी आहे आणि व्याज ७ टक्के आहे, तर वर्षाला १४,००० व्याज, त्यात १२,००० पेन्शन मिळवली की २६,००० झाले आणि श्रावणबाळची मर्यादा गेली. म्हणजे आयुष्यभर पै पै साठवून जो थोडासा आधार केला त्यानेच माणूस अपात्र ठरतो.

काही जण सल्ला देतात की व्याज सांगूच नका, कोण बघतंय. असं करू नका. खातं आधार आणि पॅनला जोडलेलं असतं, खोटी माहिती सापडली तर पैसे बंद होतात आणि घेतलेले परत मागतात, आणि सत्तरीत वसुलीची नोटीस हातात आली की माणूस पार खचतो. त्यापेक्षा पुढच्या ज्या योजनांची मर्यादा जास्त आहे तिकडे लक्ष द्या.

मुलगा कमावतो पण आम्हाला काही देत नाही. त्याचा पगार आमच्या उत्पन्नात धरणार का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. नियमात कुटुंबाचं उत्पन्न असं लिहिलंय, आणि तलाठी चौकशीला येतो तेव्हा रेशनकार्डवर कोण कोण आहे, एका घरात राहता का, चूल एक आहे का हे बघतो. मुलगा त्याच कार्डावर असेल तर त्याचा पगार धरला जाण्याची शक्यता मोठी. तुम्ही खरोखरच वेगळे राहत असाल, वेगळं शिजवत असाल, तर रेशनकार्ड विभक्त करून घ्या, ते आधी करा आणि दाखल्याचा अर्ज नंतर. एकत्र राहत असताना फक्त कागदावर वेगळं दाखवणं मात्र नको, शेजारीपाजारी विचारलं तरी कळतं.

आणि मुलगा सांभाळतच नसेल तर त्यासाठी वेगळा कायदा आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा, २००७ चा. प्रांताधिकाऱ्यांकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करायचा, कायद्यात महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाह भत्ता देण्याची तरतूद आहे, वकील लावायची गरज नसते आणि नोटीस निघाल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा सांगतो. आम्हाला सांभाळायचं या अटीवर घराचं बक्षीसपत्र मुलाच्या नावे करून दिलं आणि नंतर त्याने सांभाळलं नाही, तर ते रद्द करून घेता येतं, पण ती अट कागदात लिहिलेली असेल तर काम सोपं होतं. म्हणून सही करण्याआधी ती अट घालूनच घ्या. पोराविरुद्ध अर्ज कसा करायचा म्हणून आई-बाप वर्षानुवर्षं गप्प बसतात, मला ते समजतं. पण अर्ज झाला की आधी समेट घडवायचा प्रयत्न होतो, कित्येकदा तिथेच मार्ग निघतो.

माझं वय ६० आहे, ६५ नाही. तोवर काय?

नुसत्या वयाच्या जोरावर श्रावणबाळ नाही मिळणार. पण तुम्ही विधवा असाल, अपंगत्व असेल, मोठा आजार असेल, निराधार असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ च्या आतल्यांसाठी आहे. तिचीही उत्पन्नाची मर्यादा २१,००० च आहे, अपंगांसाठी मात्र ५०,०००. पुढे ६५ पूर्ण झाल्यावर श्रावणबाळमध्ये जायचं असतं. दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

बायकोला लाडकी बहीणचे पैसे येतात. ६५ झाल्यावर काय होणार?

बंद होणार, ती योजना २१ ते ६५ वयासाठीच आहे. आणि आपोआप श्रावणबाळमध्ये नाव जाईल असं समजू नका, तिथे वेगळा अर्ज, वेगळे कागद. मोठा फरक असा की लाडकी बहीणला कुटुंबाची मर्यादा अडीच लाख आहे आणि श्रावणबाळला २१,०००, म्हणजे एका वाढदिवसाने बाई पात्रची अपात्र होते, घरातलं उत्पन्न एक रुपयाही वाढलेलं नसताना. मर्यादेत बसत असाल तर ६५ पूर्ण व्हायच्या आधीच दाखल्याच्या तयारीला लागा म्हणजे मधले महिने रिकामे जाणार नाहीत.

नवरा गेला. त्याची पेन्शन मला मिळेल का, आणि ती घेतली तर निराधारचे पैसे जातील का?

ईपीएसमध्ये विधवेला साधारण निम्मी पेन्शन मिळते, पण १,००० पेक्षा कमी नाही. ही आपोआप सुरू होत नाही, अर्ज करावा लागतो, मृत्यूचा दाखला, आधार, बँक पासबुक जोडून. बऱ्याच बायका दुःखात वर्ष-वर्ष जातच नाहीत पीएफ ऑफिसला. जवळच्या कोणीतरी पुढाकार घेऊन हे करून द्यावं, खरंच.

दुसऱ्या भागाचं उत्तर असं की फक्त ती १,००० ची पेन्शन असेल तर वर्षाचे १२,००० होतात आणि २१,००० ची मर्यादा ओलांडली जात नाही. अर्जात ती पेन्शन स्पष्ट लिहा, लपवू नका.

उत्पन्नाचा दाखला कुठे आणि कसा काढायचा?

तहसीलदाराच्या सहीचा लागतो. आपले सरकार सेवा केंद्र किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करायचा किंवा आपले सरकार पोर्टलवर स्वतः. तलाठ्याचा चौकशी अहवाल लागतो, आधार, रेशनकार्ड, पेन्शनचं बँक स्टेटमेंट जोडायचं. बहुतेक दाखले ३१ मार्चपर्यंतच चालतात, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला दाखला दोन महिन्यांत बाद होतो आणि परत फेरी. शक्य असेल तर एप्रिल-मे मध्ये काढा. अर्जाची पावती घ्याच. सेवा हमी कायदा २०१५ पासून आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं असतं, आणि मुदत उलटली तर अपील करता येतं, पण पावतीच नसेल तर कसलं अपील.

वयाचा पुरावा नाही ही अडचणही नेहमीची. शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. आधारवर जन्मतारीख चुकीची असेल तर ती आधी दुरुस्त करा, नाहीतर प्रत्येक ठिकाणी तेच आडवं येणार.

रेशन मिळेल का? आमचं कार्ड केशरी आहे.

केशरी कार्ड असलं तरी प्राधान्य कुटुंबात, म्हणजे रेशनचं धान्य मिळणाऱ्या गटात, नाव असू शकतं. त्याची मर्यादा शहरात वर्षाला ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० आहे, म्हणजे श्रावणबाळच्या दुपटीहून जास्त. दोन-अडीच हजार पेन्शनवाले इथे आरामात बसतात. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अडचण एवढीच की प्रत्येक जिल्ह्याचा इष्टांक, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरलेला आहे, जागा रिकामी झाल्याशिवाय नवीन नाव घेत नाहीत. तरी अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा, नावं कमी होत असतात. ई-केवायसी राहिली असेल तर ती ताबडतोब करा. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, तेव्हा बुबुळ किंवा चेहऱ्यावरून करायला सांगा.

आजारपणाचं काय? सगळी पेन्शन औषधात जाते.

इथे मात्र बातमी चांगली आहे आणि हे उत्तर नीट वाचा. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असू दे, पेन्शन कितीही असू दे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या वर असतील तर दोघांत मिळून ५ लाख. लागतं फक्त आधार. आयुष्मान ॲपवरून घरबसल्या निघतं, नाहीतर सरकारी दवाखान्यात किंवा सेवा केंद्रात काढून देतात. ईएसआयसी (कामगार विमा) असेल किंवा खाजगी मेडिक्लेम असेल तरी हे घेता येतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

७० च्या आतल्यांसाठी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. आधी पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती, आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, पांढऱ्या कार्डालासुद्धा, आणि रक्कम दीड लाखावरून ५ लाख झाली. दोन्ही योजनांत एक गोष्ट सारखी, यादीतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांसाठी ॲडमिट झालात तरच खर्च मिळतो. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या यात येत नाहीत, त्या सरकारी दवाखान्यातून घ्या नाहीतर जनऔषधी केंद्रातून, तिथे स्वस्त पडतात. ॲडमिट व्हायच्या आधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा, पैसे भरून झाल्यावर नाही. आणि कार्ड आजारी पडायच्या आधी काढून ठेवा, रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये ओटीपी शोधत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

चष्मा, कानाचं मशीन, काठी यासाठी काही आहे का?

आहे, मुख्यमंत्री वयोश्री योजना. ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत, म्हणजे ईपीएसवाले जवळपास सगळेच बसतात. एकदाच ३,००० रुपये खात्यावर येतात, त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा, कमोड खुर्ची असं घ्यायचं आणि बिल द्यायचं. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात. मागच्या ३ वर्षांत तीच वस्तू सरकारकडून फुकट घेतलेली नसावी. बिल जपून ठेवा, दुकानदाराकडून पक्कं बिल मागा.

गावाकडे थोडी जमीन आहे. पीएम किसान मिळेल का, मी तर पेन्शनर?

मिळू शकतं. पेन्शनर म्हणून बाहेर काढतात ते महिन्याला १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असणाऱ्यांना. तुमची दोन-तीन हजार असेल, जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी तुमच्या नावावर असेल आणि आयकर भरत नसाल तर अर्ज करा. वर्षाला ६,००० केंद्राचे, आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वेगळे. फक्त लक्षात ठेवा, शेतीचं उत्पन्न तलाठी दाखल्यात धरतो, त्यामुळे श्रावणबाळच्या हिशेबात ते येणार.

एसटीची सवलत?

उत्पन्नाची अट नाही. ६५ ते ७५ अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे राज्यात फुकट. आधार जवळ ठेवा.

पैसे मंजूर झाले म्हणतात पण खात्यात येत नाहीत.

बहुतेक वेळा आधार सीडिंगचा, म्हणजे आधार बँक खात्याला जोडण्याचा घोळ असतो. पैसे आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येतात आणि तुम्ही फॉर्मवर जे खातं लिहिलं तिकडे नाही, तर आधारला जे खातं शेवटचं जोडलंय तिकडे जातात. कुठल्यातरी कॅम्पमध्ये कधीकाळी उघडलेलं खातं असतं आणि पैसे तिथे पडलेले असतात. बँकेत जाऊन विचारा की माझं आधार डीबीटीसाठी कोणत्या खात्याला जोडलंय, आणि हवं ते खातं जोडून घ्या.

दुसरं कारण हयातीचा दाखला. ईपीएसचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरचीच सक्ती नाही. घरी कोणाकडे स्मार्टफोन असेल तर चेहरा स्कॅन करून जीवन प्रमाण निघतं, पोस्टमनही घरी येऊन करून देतो. श्रावणबाळ आणि संजय गांधीचा हयातीचा दाखला वेगळा, तो दरवर्षी तहसीलच्या सांगण्याप्रमाणे द्यायचा. एक दिला म्हणजे दुसऱ्याचं झालं असं नाही, इथे फार लोक फसतात.

एजंट म्हणतो तीन हजार द्या, करून देतो.

देऊ नका. श्रावणबाळच्या अर्जाला एवढे पैसे कुठेच लागत नाहीत, सेवा केंद्राचं ठरलेलं किरकोळ शुल्क सोडलं तर. आणि फोनवर कोणी ओटीपी मागितला, पेन्शन वाढली म्हणून लिंक पाठवली, तर फोन ठेवून द्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, शंका असेल तर तिथे विचारा, फुकट आहे.

अर्ज नाकारला. आता?

कारण लेखी मागा. तोंडी "तुमचं बसत नाही" यावर घरी परत येऊ नका. लेखी देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. कारण बहुतेक वेळा साधं निघतं, १५ वर्षांच्या रहिवासाचा कागद नाही, दाखला मागच्या वर्षीचा आहे, नावाच्या स्पेलिंगमध्ये आधार आणि रेशनकार्ड जुळत नाही, असलं काहीतरी. ते दुरुस्त करून परत अर्ज देता येतो, एकदा नाकारला म्हणजे कायमचा नाही. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त दाखवलं असेल तर दाखल्यात तलाठ्याने काय काय धरलं ते बघा, कधीकधी विकून टाकलेली जमीन अजून सातबाऱ्यावर तुमच्याच नावाने असते किंवा लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव रेशनकार्डवर तसंच असतं. सोबत कोणीतरी तरुण माणूस घेऊन जा, आणि जाताना प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स घ्या, एक त्यांच्याकडे आणि एक पोच शिक्का मारून तुमच्याकडे.